साडेछत्तीस लिटर पाऊस

पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं काढली, त्यातली अकरा घाटमाथ्यावरच्या एका धरणावर. पावसाळ्याचे चार महिने एकच नेम. सकाळी साडेआठला छत्री घेऊन पर्जन्यमापकापर्यंत जायचं, नरसाळं काढायचं, आतली बाटली मोजपात्रात रिकामी करायची आणि आकडा वहीत लिहायचा. आमच्या मापकाचं तोंड दोनशे चौरस सेंटिमीटरचं होतं. म्हणजे एक मिलिमीटर पाऊस पडला की बाटलीत वीस मिलिलिटर पाणी. दहा लिटरची मोठी बाटली पाचशे मिलिमीटरला तोंडोतोंड भरते. माझ्या अकरा वर्षांत ती एकदाही भरली नाही. माझ्या हातून वहीत गेलेला सर्वांत मोठा आकडा ४१२. त्या दिवशी चौकीदार आणि मी, दोघांनी दोनदा मोजलं, कारण पहिल्यांदा आमचा आमच्यावरच विश्वास बसला नव्हता.

या धंद्यातल्या माणसाला एका आकड्याचं वेड लागणं साहजिक आहे. कुठल्याशा प्रशिक्षणात फळ्यावर लिहिलेला तो पहिल्यांदा पाहिला : १,८२५ मिलिमीटर, चोवीस तासांत. ठिकाण फॉक-फॉक, बेट रियुनियन, तारीख ७-८ जानेवारी १९६६. चोवीस तासांचा जागतिक विक्रम. वर्गातल्या इतरांनी तो उतरवून घेतला आणि चहाला गेले. मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब करत बसलो. आमच्या मापकात हा पाऊस पडला असता तर साडेछत्तीस लिटर पाणी जमलं असतं. मोठ्या बाटल्या जवळजवळ पावणेचार लागल्या असत्या. एक गुंठा जमिनीवर त्या दिवशी पडलेलं पाणी दहा हजार लिटरच्या अठरा टँकरांइतकं. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली तेव्हा सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. फॉक-फॉकला त्याच्या जवळजवळ दुप्पट.

निवृत्तीनंतर मुलीने विचारलं, "बाबा, तुम्हाला एकदा कुठे जायचंय ते सांगा." तिला वाटलं मी स्वित्झर्लंड म्हणेन. मी रियुनियन म्हटल्यावर तिने फोनवर शोधलं आणि म्हणाली, "हे तर मॉरिशसच्या शेजारी आहे. मग मॉरिशसच करू की?" आईसाठी दोन दिवस मॉरिशस, बाकी सगळे दिवस रियुनियन, असा तह झाला. सुट्टी तिला सप्टेंबरातच मिळत होती. रियुनियन दक्षिण गोलार्धात, साधारण २१ अक्षांशावर. तिथला पावसाळा नोव्हेंबर ते एप्रिल. म्हणजे पाऊस बघायला निघालेला माणूस नेमका कोरड्या हंगामात जाणार होता. "बरं झालं," आमची ही म्हणाली, "निदान कपडे तरी वाळतील." (वाळले नाहीत. ते पुढे येईलच.)

बेट केवढं? २,५१२ चौरस किलोमीटर. मादागास्करच्या पूर्वेला सातशेएक किलोमीटर, आणि मॉरिशस सोडलं तर जवळपास दुसरं काही नाही. १९४६ पासून फ्रान्सचा एक जिल्हा, त्यामुळे हिंदी महासागराच्या मधोमध युरो चालतो आणि रस्त्यावरच्या पाट्या पॅरिसमध्ये असतात तशाच. पण विमानातून दिसतो तो फक्त डोंगर. सपाटी म्हणून नाहीच, समुद्राला लागून एक बारीक किनार, तिच्यावर सगळी वस्ती, आणि लगेच चढ. दिसतो तोही शेंडाच. समुद्राचा तळ इथे चार हजार मीटर खोल, त्याच्यावर तीन हजार मीटर डोंगर पाण्याबाहेर. सात किलोमीटर उंचीची ही रास निव्वळ लाव्हाची आहे, एका थरावर दुसरा असं करत रचलेली.

यात ज्वालामुखी दोन. वायव्येकडचा म्हातारा, पितों दे नेज, ३,०७० मीटर, बारा-एक हजार वर्षांपूर्वी विझलेला. आग्नेयेकडचा तरुण, पितों द ला फुर्नेझ, २,६३२ मीटर, सरासरी आठ-नऊ महिन्यांनी एकदा तरी फुटणारा. फुर्नेझ म्हणजे भट्टी. लोकांनी नाव ठेवताना फार डोकं चालवलेलं नाही.

आता या भट्टीचं आपल्याशी नातं आहे, ते सांगून टाकतो. भूशास्त्रज्ञांचं म्हणणं असं की पृथ्वीच्या पोटातून वर येणारा तप्त खडकाचा एक झोत आहे, आणि त्याच्यावरून जमिनीचे तुकडे सरकत जातात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी त्याच्यावर आपला भूभाग होता. तेव्हा जो लाव्हा वाहिला त्याचा सह्याद्री झाला. भारत उत्तरेला सरकला, झोत आपल्या जागी तापत राहिला. मागे लक्षद्वीप-मालदीव-छागोसची समुद्राखालची रांग उरली, मग मॉरिशस, आणि सध्या रियुनियन. म्हणजे ज्या काळवथरीत आम्ही सुरुंग लावून बोगदे काढले, तिच्या कारखान्यात मी चाललो होतो. कारखाना चालू आहे, माल थोडा कमी निघतो, एवढंच.

राजधानी सँ-दनीहून पश्चिमेकडे निघालो तर पहिल्या अर्ध्या तासातच माझ्या आवडीचं काम लागलं. डाव्या हाताला उभा कडा, उजव्या हाताला समुद्र, मध्ये जुना रस्ता. कड्यावर जाळ्याच जाळ्या, तरी दगड यायचे ते यायचेच. शेवटी त्यांनी रस्ताच उचलून समुद्रात नेला. ५,४०० मीटरचा सलग पूल, किनाऱ्याला समांतर, २०२२ साली सुरू झालेला. मी गाडी थांबवायला सांगत होतो, तिथे थांबायला मनाई होती. मुलगी म्हणाली, "बाबा, पूल आपल्याकडेही आहेत." पण कड्यात राखाडी थरांच्या मध्ये तांबडे पट्टे दिसत होते आणि ते पाहून माझ्या पोटात उगाच गोळा आला. एक लाव्हा वाहून गेल्यावर पुढचा येईपर्यंत मध्ये जी माती तयार होते, ती वरच्या लाव्हाने भाजून लाल होते. आपल्या घाटातही हे पट्टे आहेत. बोगद्यात हा लाल थर लागला की समजायचं, आता पाणी येणार, छत सुटणार आणि वरिष्ठांचा फोन येणार.

पश्चिम किनाऱ्यावर सँ-झीलला उतरलो. पिवळं गवत, काटेरी झुडपं, कोरडे ओढे. माझा चेहरा पडला. आपल्याकडे पश्चिम ओली आणि घाटापलीकडची पूर्व कोरडी. इथे बरोब्बर उलट आहे. वारा वर्षभर आग्नेयेकडून येतो, समुद्रावरचं बाष्प घेऊन पूर्वेच्या उतारावर आदळतो, तिथेच सगळं रितं करतो आणि डोंगर ओलांडून पश्चिमेला उतरतो तो कोरडाठाक. सँ-झीलच्या बाजूला वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर, आणि पूर्वेला सँत-रोझच्या वरच्या उतारांवर दहा हजारांच्याही वर. दोन्हींत सरळ रेषेत पन्नासएक किलोमीटर अंतर. महाबळेश्वर ते फलटण हा फरक आपल्याला ठाऊक आहे, पण महाबळेश्वरचा पाऊस दुप्पट केला तर कसं, तसं हे.

पूर्वेला पाणी, पश्चिमेला ऊस आणि माणसं. मग जो कुणीही पाटबंधारेवाला करेल तेच त्यांनी केलं. डोंगराच्या पोटातून तीसएक किलोमीटर बोगदे काढून सालाझी आणि माफात या दऱ्यांतलं पाणी पश्चिमेला आणलं. खोदताना आत पाण्याचे लोंढे घुसून काम रखडलं होतं, हे वाचलं तेव्हा कोण बरं वाटलं! म्हणजे आमच्याकडेच होतं असं नाही. बोगदा काही बघायला मिळाला नाही. उसात फिरणारे तुषार मात्र पाहिले, वीस मिनिटं. बायको आणि मुलगी गाडीतच बसून होत्या.

दुसऱ्या दिवशी सिलाओस. त्या रस्त्याला चारशे वळणांचा रस्ता म्हणतात. मी मोजायला सुरुवात केली आणि नव्वदीच्या पुढे नाद सोडला, कारण एका गाडीपुरत्याच बोगद्यात समोरून बस आली. हिने आवळासुपारी तोंडात टाकून डोळे मिटले होते ते वर पोचल्यावर उघडले.

उघडल्यावर समोर काय? एक अवाढव्य खड्डा, आणि आपण त्याच्या तळाशी. चहूबाजूंनी हजार-हजार मीटरचे कडे. म्हाताऱ्या ज्वालामुखीभोवती अशा तीन दऱ्या आहेत : सिलाओस, सालाझी, माफात, बेलाच्या तीन पानांसारख्या. मला आधी वाटलं होतं ही ज्वालामुखीची तोंडं असतील. तशी ती नाहीत. डोंगर आतून कुजला, ढासळला आणि उरलेलं पावसाने ओढून समुद्रात नेलं. हे अजून थांबलेलं नाही. नदीच्या पात्रात उभं राहिलं की कळतं. पाणी घोट्याएवढं आणि पात्र चारशे मीटर रुंद, त्यात खोलीएवढाले धोंडे. हे धोंडे त्या घोटाभर पाण्याने आणलेले नाहीत. १८७५ साली सालाझीत डोंगराची एक बाजू खाली आली आणि साठाच्या वर माणसं गाडली गेली. माळीण पाहिलेल्या माणसाला यात पुढचं काही सांगावं लागत नाही.

माफातला रस्ताच नाही. वरून, माइदो नावाच्या टोकावरून, सकाळी सात वाजता पाहिलं. सात कशाला? तर नवाला ढग येतात. हे इथलं रोजचं वेळापत्रक आहे. रात्री आभाळ स्वच्छ, सकाळी स्वच्छ, ऊन चढलं की उतारावरची हवा वर सरकायला लागते आणि नऊ-दहाला दऱ्या कापसाने भरतात. खाली कड्याच्या पदरावर दहा-बारा घरांचे पुंजके होते. 'इले' म्हणतात त्यांना, म्हणजे छोटं बेट. शब्द अगदी नेमका आहे, चारी बाजूंनी पाण्याऐवजी दरी, इतकंच. सात-आठशे माणसं राहतात, पळून आलेल्या गुलामांनी पहिल्यांदा वसवलेली जागा. सगळं सामान पाठीवरून किंवा हेलिकॉप्टरने. आम्ही पाहत असतानाच एक हेलिकॉप्टर खाली लोंबत्या जाळ्यातून सिमेंटच्या गोण्या घेऊन गेलं. मी मनात गोणीमागे वाहतूक किती पडेल याचा दर काढत होतो. सव्वानऊला समोरचं सगळं पुसलं गेलं. पाच मिनिटांपूर्वी तिथे दरी होती असं सांगितलं तरी कुणी मानलं नसतं.

आणि मग ज्यासाठी आलो होतो तो दिवस.

फुर्नेझकडे जाणारा रस्ता गाईंच्या कुरणांतून वर चढतो. दोन हजार मीटरच्या आसपास आपण ढगात शिरतो, काचेवर भुरभुर, वायपर चालू, आणि एका वळणावर एकदम बाहेर. वर निळं आभाळ, खाली ढगांचा पांढरा सडा क्षितिजापर्यंत. वरच्या कोरड्या, उबदार हवेचं ढगांवर झाकण बसलेलं असतं, म्हणून एरवी ते त्याच्यावर चढत नाहीत. वादळ आलं की झाकण उडतं. त्या वळणापुढे झाडं खुजी, मग झुडपं, मग काहीच नाही. पिशवीतून कानटोपी काढून घालावी लागली. हिवाळ्यात इथे दव गोठतं, आणि तासाभरापूर्वी आम्ही केळीच्या बागांतून आलो होतो.

रस्त्याच्या कडेला एक कठडा आहे, मागे गाड्या लावायला थोडी जागा. खाली कोमेरसाँचं विवर. पर्यटक दोन मिनिटं डोकावतात, फोटो काढतात, जातात. मी पाऊण तास तिथे होतो.

कारण ही ती जागा. २३१० मीटर उंची. फॉक-फॉकचं पठार इथून पलीकडेच. चोवीस तासांचा विक्रम त्याच्याकडे आणि त्याच्यापुढचे इथे : २४ ते २६ फेब्रुवारी २००७, तीन दिवसांत ३,९३० मिलिमीटर. चार दिवसांत ४,९३६. महाबळेश्वरचा जवळजवळ अख्खा पावसाळा सोमवार ते गुरुवारात बसवल्यासारखा. (दोन दिवसांचा विक्रम मात्र आपल्या चेरापुंजीकडे आहे, १९९५ चा, २,४९३ मिलिमीटर. तेवढा अभिमान बाळगायला हरकत नाही.) त्याआधी १९८० च्या जानेवारीत इयासिंत नावाचं वादळ रेंगाळलं होतं, तेव्हा पंधरा दिवसांत ६,०८३.

गंमत म्हणजे २००७ चं ते वादळ, गामेद, बेटावर आलंच नव्हतं. त्याचं केंद्र दोनशेएक किलोमीटर लांबून गेलं, तेही रमतगमत. पण एवढ्या मोठ्या भोवऱ्याचा ओला पट्टा बेटावरून फिरत राहिला. समुद्र इथून सरळ रेषेत पंधरा-वीस किलोमीटरवर. तेवढ्या अंतरात ती हवा दोन हजार तीनशे मीटर वर चढवायची. ओला टॉवेल पिळल्यावर दुसरं काय होणार? वादळ पुढे सरकलं असतं तर पीळ सुटला असता. ते सरकेना, आणि मागून समुद्र नवा टॉवेल देतच होता. खाली सँत-एतिएन नदीवरच्या पुलाच्या खांबाखालचा तळ पुराने खरवडून नेला आणि पूल कोसळला.

मी वाकून विवरात बघितलं. तळाशी तळं असेल असं वाटलं होतं. पाच मीटर पाऊस चार दिवसांत प्यायलेल्या जागेत एक ओंजळभरही पाणी नव्हतं. सगळा खडक सच्छिद्र, जाळीदार, पाणी पडतं आणि जातं. एवढा पाऊस असून इथे ओढाही नाही. धरण बांधायला याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही, हे मी मोठ्याने म्हणालो असणार, कारण शेजारच्या फ्रेंच जोडप्याने माझ्याकडे पाहिलं.

पुढे प्लेन दे साब्ल, तांबूस-काळ्या राखेचं मैदान, त्यातून मुरमाचा रस्ता, आणि शेवटी पा द बेलकोंब. इथे जमीन संपते. समोर खाली घोड्याच्या नालेसारखं प्रचंड आवार, आँक्लो फुके, तीन बाजूंनी उभ्या भिंती आणि चौथी बाजू समुद्राकडे उघडी. मधोमध फुर्नेझचा घुमट. बहुतेक उद्रेक याच आवारात होतात, लाव्हा उघड्या बाजूने घरंगळत समुद्रात जातो आणि बाकी बेट सुखरूप राहतं. बांधकामाच्या भाषेत सांगायचं तर सांडवा योग्य जागी आहे.

पाचशेच्या वर पायऱ्या उतरून खाली गेलो. गुडघ्यांनी आधीच सांगितलं होतं की मोठ्या विवराच्या काठापर्यंतचं सहा तासांचं नाव काढू नका. म्हणून फक्त जवळच्या छोट्या लाल टेकाडापर्यंत. त्याचं नाव फोर्मिका लिओ. वाळूत खड्डा करून मुंग्या पकडणारा एक किडा असतो, त्याच्या खड्ड्यासारखा आकार म्हणून. १७५३ च्या उद्रेकातलं हे टेकाड. पायाखाली दोन प्रकारचा लाव्हा. एक गुळगुळीत, पीळ पडलेला, साय बोटाने सरकवल्यावर जशा सुरकुत्या पडतात तसा. दुसरा नुसता खडबडीत ढिगारा, त्याला इथले लोक ग्राताँ म्हणतात. वाटेवर पांढऱ्या रंगाच्या खुणा मारलेल्या आहेत, त्यांच्यावरूनच चाला असं बजावलेलं असतं. मी थर बघायला दोन पावलं बाजूला गेलो आणि हात टेकला.

ग्राताँवर हात टेकणं म्हणजे काचेच्या चुऱ्यावर. तळवा तीन ठिकाणी फाटला. सह्याद्रीच्या कातळाला हात लावायची आयुष्यभराची सवय. तो कातळ सहा कोटी वर्षांच्या पावसाने घासून घासून माणसाळलाय, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. मुलीने रुमाल बांधला आणि चिडली. रुमाल बांधताना खाली पाहिलं तर हाताला लागलेल्या तुकड्यात बाटलीच्या काचेसारखे हिरवे दाणे चमकत होते. ऑलिव्हिन. खोलवरून आलेलं खनिज, हवा लागली की आधी हेच कुजतं. आमच्या बोगद्यांतल्या खडकात त्याच्या जागी तपकिरी डाग असायचे. ताजं, हिरवं मी पहिल्यांदाच पाहिलं. खिशात टाकायचा मोह झाला. हे राष्ट्रीय उद्यान आहे अशी मुलीने आठवण करून दिली, तेव्हा जिथून उचललं तिथे ठेवलं.

त्याच २००७ सालात, पाऊस ओसरून पाच आठवडे होतात न होतात तोच, एप्रिलच्या सुरुवातीला हा ज्वालामुखी फुटला. गेल्या शंभर वर्षांतला त्याचा सर्वांत मोठा उद्रेक. लाव्हा खाली, समुद्राजवळच्या त्राँब्ले गावाशेजारून बाहेर पडला. इतका पडला की वर, माथ्यावर, पोट रिकामं झालं आणि विवराचा तळ तीनशे मीटरहून जास्त खाली बसला. एका वर्षात, तीन महिन्यांच्या आत, आभाळाने बेटाचं पाडकाम केलं आणि जमिनीने भर घातली. ठेकेदार दोन, काम एकच, आणि बिल कुणीच लावत नाही.

ती भर दुसऱ्या दिवशी पाहिली. आग्नेय किनाऱ्यावरचा हमरस्ता ग्राँ ब्रुलेमधून, म्हणजे त्या सांडव्याच्या खालच्या टोकातून जातो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळे प्रवाह आणि प्रत्येकापाशी सालाची पाटी. २००२. २००४. २००७. लाव्हा आला की रस्ता जातो, गार झाला की वरून पुन्हा रस्ता. वीसेक वर्षांत हे कितीदा तरी झालं. मला आमच्या घाटातला दरवर्षी त्याच ठिकाणी खचणारा रस्ता आठवला, पण तिथे पाटी नसते.

पाट्यांमुळे एक मात्र सोपं झालं. झाडं कशी येतात ते सालवार वाचता येतं. सर्वांत नव्या दगडावर राखाडी-पांढरं दगडफूल, लांबून चुना सांडल्यासारखं. थोड्या जुन्या दगडाच्या फटीफटींतून नेचे. त्याहून जुना प्रवाह तर पाटी नसती तर रान म्हणूनच सोडला असता. पूर्वेच्या पावसाची ही कामगिरी. हाच लाव्हा सँ-झीलला वाहिला असता तर अजून काळाच दिसला असता. २००७ चा प्रवाह काही ठिकाणी साठ मीटर जाड आहे, गार व्हायला वर्षानुवर्षं लागली, आणि पाऊस पडला की त्यातून वाफ निघत राहायची. आम्ही उभे होतो तेव्हा पाऊस पडत होता. वाफ दिसली की ढग होता, यावर आमच्यात अजून एकमत नाही.

पुढे पितों सँत-रोझ. १९७७ च्या एप्रिलमध्ये लाव्हा आवाराबाहेर फुटला आणि या गावात उतरला. घरं गेली. चर्चच्या दारातून आत शिरला आणि थांबला. बाकीचा दोन्ही बाजूंनी वळून पुढे गेला. काळा दगड अजून भिंतीला टेकून उभा आहे. लोक मेणबत्त्या लावतात. मी जमिनीचा उतार बघितला, मग म्हटलं जाऊ दे.

मुक्काम सँत-रोझलाच होता, एका बाईंच्या घरी. संध्याकाळी सहाला पाऊस सुरू झाला तो आपल्या आषाढातल्या झडीसारखा, पत्र्यावर एकसुरी. कोरड्या हंगामात! कपडे वाळायचं नाव नाही, हिने खुर्च्यांवर टाकले. मी स्वयंपाकघरातून सरळ उभ्या भिंतींचा स्टीलचा ग्लास मागून घेतला आणि अंगणात, झाडांपासून लांब, दोन विटांच्या मध्ये ठेवला. भिंत सरळ असेल तर तोंड केवढं याला महत्त्व नाही, आत जेवढी उंची तेवढा पाऊस. मापपट्टी मी घरून आणली होती. सकाळी साडेआठला छत्री घेऊन गेलो तर विटा होत्या, ग्लास नव्हता. बाईंनी पहाटे उठून तो आत नेला होता, ओतला होता, धुतला होता आणि फडताळात पालथा घातला होता. पाहुण्यांचा ग्लास रात्रभर बाहेर राहिला म्हणून वर माझीच माफी मागितली.

दुसऱ्या रात्री मुलीने फ्रेंचमध्ये चिठ्ठी लिहून ग्लासाखाली दडपली : हात लावू नये, मोजमाप चालू आहे. सकाळी ग्लास जागेवर होता. आत एक गोगलगाय बसली होती. ती काढायच्या आधी पट्टी घातली, काढल्यावर पुन्हा घातली. आधी ५८, नंतर ५६. वहीत ५६ लिहिलं, शेऱ्याच्या रकान्यात गोगलगाय.